लुगड्याचं चाक

मला गिटार वाजवता येत नाही. तिची एक तारसुद्धा मी कधी छेडलेली नाही. पण सत्तर सालानंतर जालन्याच्या बाजारातून ज्या गिटारी बाहेर पडल्या, त्यांतल्या कितीतरी आधी माझ्या मांडीवर येऊन गेल्या आहेत. तारा लागायच्या आधी, मान बसायच्या आधी, नुसतं लाकडी धड असताना.

आमची नात म्हणते, "आजी, वस्तीच्या जयंतीच्या अंकाला तू हे लिहून दे." मी म्हटलं, आधी लिहून तर बघते, द्यायचं की नाही ते मागून ठरवू. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही केदारखेड्याच्या शाळेत. आणि बोलायची मला लहानपणापासून फार भीती. चार माणसं बसली की माझा आवाज घशातच राहायचा. लग्न होऊन बदनापूरला आले तेव्हा सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, शेजारणींना सांगायच्या, "सून चांगली हाय, पण मुकी हाय का काय, अजून कळंना."

आमचे हे जालन्याला एका कारखान्यात कामाला होते. सकाळच्या पॅसेंजरनं जायचे, संध्याकाळच्या पॅसेंजरनं यायचे. त्यांची एका वाद्याच्या दुकानाशी ओळख होती. दुकान राजस्थानातून येऊन कैक वर्षं जालन्यात राहिलेल्या एका शेठजींचं. पेट्या, तबले, बँडची पितळी वाद्यं, सगळं तिथं मिळायचं. पेटीच्या खोक्यांना पॉलिश करायचं काम त्या दुकानातून आमच्या घरी यायचं आणि ते मी करायचे. चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजवायची, कापसाची पोटळी करून लाकडावर फिरवत राहायचं. घाई केली की लाकूड डाग धरतं. बोलावं लागत नाही असं हे काम मला फार आवडलं.

मग सिनेमातल्या गाण्यांमुळं गिटारीचं वेड आलं. गावोगाव ऑर्केस्ट्रे निघाले. शेठजींनी एक कारागीर धरून गिटारी बनवायला सुरुवात केली आणि त्यांना लाखेऐवजी लॅकर द्यायचं ठरवलं. मोटारींना रंग मारणारा माणूस ते फवाऱ्यानं मारून द्यायचा. वाळलं की ते टणक होतं, पण दिसतं मोसंबीच्या सालीसारखं खडबडीत. पाणी लावून बारीक पॉलिश पेपरनं घासलं की साल जाते आणि अंग धुरकट, आंधळं होतं. मग त्याला घासून घासून चमक आणायची. हातानं एक गिटार चमकवायला माझे दोन-तीन दिवस जायचे. रात्री हात उशाला घ्यायचे तर मुंग्या यायच्या. आणि एवढं करून चमक यायची ती तूप लावल्यासारखी. काचेसारखी नाही.

एक दिवस हे चार गिटारींची धडं गोधडीत बांधून घेऊन आले आणि ओसरीवर टेकून बसले.

"शेठजी काय म्हणले?" मी विचारलं.

"म्हणले, दामू, कलाकार लोक नाराज हैत. मुंबईच्या गिटारीत तोंड दिसतं, आपल्या गिटारीत न्हाई. ह्या चार गिटारीत तोंड दिसलं तर ठीक. न्हाई तर पुढचा सगळा माल पॉलिशला मुंबईला जाईल."

"आन् पेट्या?"

"पेट्याबी. त्यांचं म्हणणं, एकाच जागी दिलं की खर्चा कमी."

मी मडक्यातलं पाणी आणून दिलं. पण त्या दिवशी मला कळलं की ते काम माझ्या मनात कुठं जाऊन बसलं होतं. मी दुसऱ्याच्या शेतात निंदायला गेले असते, तेही केलं होतंच. पण पोटळी फिरवताना लाकडातले रेषांचे पाट वर यायचे, ते बघायचं सुख निंदायच्या कामात नव्हतं. ते हातचं जाणार होतं.

ह्यांच्या कारखान्यातलं एक जुनं ड्रिल मशीन तेव्हा काढून टाकलं होतं आणि ह्यांनी ते घरी आणून ठेवलं होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. लोखंडाचा एक खांब असतो, खाली टेबल असतं, वर मागे मोटर असते आणि पट्ट्यानं ती एक उभी दांडी फिरवते. दांडीच्या टोकाला चक, म्हणजे जबडा. त्यात भोकं पाडायची पाती धरायची, बाजूची मूठ ओढली की पातं खाली येऊन लोखंडात घुसतं. ह्यांनी त्याला घरच्या लाईटवर चालेल अशी छोटी मोटर लावली होती.

ते पहिल्यांदा ओसरीत उभं केलं तेव्हा आत्याबाई त्याच्याभोवती एक चक्कर मारून आल्या.

"ह्याला खायाला काय लागतं रे?"

"लाईट, माय."

"आन् दूध किती देतं?"

बाजारात भांडीवाल्यांकडं पितळ चमकवायला कापडाचं चाक असतं, ते मी येता-जाता पाहिलं होतं. मी ह्यांना म्हटलं, "तसं चाक ह्या मशीनच्या जबड्यात धरलं तर?" हे म्हणाले, "चाक आडवं फिरंल, जात्यावानी." मी म्हटलं, "फिरू द्या. मी गिटार उभी धरीन, कडेला लावीन." सूप पाखडताना जसं दोन्ही हातांत धरतो तसं धरून दाखवलं.

चाक मी शिवलं. शेजारच्या गयाबाईनं तिचं एक जुनं लाल लुगडं दिलं होतं. ताट ठेवून खडूनं गोल आखले, कापले, एकावर एक रचले आणि गोधडीसारखे मधून बाहेर फेऱ्यांनी टाके घातले. टाके जवळ घातले की चाक कडक होतं, लांब घातले की मऊ. ह्यांनी मधोमध भोक पाडून लोखंडाच्या दांड्यावर दोन चकत्यांमध्ये ते आवळलं.

पहिल्या दिवशी मोटर सुरू केली आणि सगळं घर तंतूंनी भरलं. आत्याबाईंच्या भुवया पांढऱ्याच होत्या, त्या लाल झाल्या. "घरात कापूस पिकून राह्यला," त्या म्हणाल्या, "तोबी रंगीत."

गिटार लावायच्या आधी एका फळीवर लॅकर मारून बघितलं, हे एक बरं केलं. चाक इतक्या जोरात फिरत होतं की लॅकर चमकायच्या ऐवजी वितळलं आणि त्याच्या गोळ्या झाल्या. पितळ ते सोसतं, लॅकर सोसत नाही. मशीनच्या डोक्यात पायऱ्यांच्या दोन पुल्या असतात. पट्टा एका पायरीवरून दुसरीवर नेला की वेग कमी-जास्त होतो. ह्यांनी तो सगळ्यात संथ पायरीवर नेला. एवढ्या संथ चालीवर कारखान्यात फार जाड पातीच फिरवतात. आमच्या कामाला तीच चाल बराबर बसली.

पण खरी गंमत पुढं झाली. मी फळी चाकाला जरा दाबून धरली आणि वरून खट् असा आवाज आला. चक, दांडा, चाक, सगळं निसटून खाली आलं, ओसरीवरून उड्या मारत अंगणात गेलं आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर आदळलं. कोंबड्या चारी वाटांनी पळाल्या. त्यातली एक दोन दिवस घरी आली नाही.

हे चक उचलून बघत म्हणाले, "तुटला न्हाई. हा वर निमुळत्या टोकावर नुसता ठोकून बसवलेला असतो. भोक पाडताना दाब खालून वर येतो, तसा तो जास्तच घट्ट बसतो. तू आडवं दाबून राह्यलीस. आडव्या दाबासाठी हे मशीन न्हाईच."

"मंग?"

"मंग काय, हे जमणार न्हाई. सोड."

ते गेले कामावर. मी ओसरीत झाडत बसले. माझ्या माहेरी एक म्हैस होती आणि ताक घुसळायचं काम माझ्याकडं होतं. रवी उभी असते, दोरी मात्र आडवी ओढायची असते, आणि चांगली जोर लावून. तरी रवी आडवी होत नाही. कारण ती खांबाला वर एक आणि खाली एक अशा दोन कड्यांनी धरलेली असते. लहानपणी एकदा खालची कडी तुटलेली असताना मी तशीच घुसळायला बसले होते. रवीनं मडकं फोडलं आणि आईनं मला फोडलं.

आमच्या मशीनला वरची कडी होती, खालची नव्हती.

संध्याकाळी हे पाणी प्यायले आणि मी सांगितलं. एवढं लांबलचक मी त्यांच्याशी बहुतेक पहिल्यांदाच बोलले असेन. त्यांनी टेबलाकडं बघितलं, मग छताकडं, मग माझ्याकडं. "खाली टेबलावर एक बेअरिंग बसवली," ते सावकाश म्हणाले, "आन् दांडा लांब करून त्याचं बूड बेअरिंगीत उभं केलं तर..."

"तर रवी झाली," मी म्हटलं.

"हे मला का न्हाई सुचलं?"

आत्याबाई दारातून म्हणाल्या, "तू ताक नुसतं पिलास ना, म्हनून!"

दोन दिवसांत बेअरिंग बसली. आता कितीही दाबलं तरी चक जागचा हलेना. फळी अशी चमकली की मी मोटर बंद करून ती उन्हात नेली आणि उन्हाचा कवडसा समोरच्या घराच्या भिंतीवर पाडून बघितला. मग धीर करून चारांतलं पहिलं धड घेतलं. पुढून साजूक तुपाच्या रंगाचं, पांढरट लाकडाचं, फार देखणं. पाठ केली, कडा केल्या, मग तोंडाकडची बाजू लावली. घासून घासून चाक तापलं. मी धड बाजूला घेऊन पुसलं.

ते गुलाबी झालं होतं.

लुगड्याचा रंग सुटला होता. लॅकर पुरतं वाळलं नव्हतं, चाकाच्या उष्णतेनं ते जरा मऊ झालं आणि लाल रंग पिऊन बसलं. पुसलं, पुन्हा पेपर मारला, काही उपयोग नाही. मी तिथंच खाली बसले. आत्याबाई येऊन वाकून बघत राहिल्या.

"काय गं, ही तुझ्यावानीच निघाली," त्या म्हणाल्या. "हात लावला की लाजली."

मला रडू येत होतं आणि हसूही आलं. गयाबाई भिंतीवरून डोकावली. "माझ्या लुगड्यानं घात केला का? आगं, ते नवं असताना माझी सगळी कापडं लाल केल्ती त्यानं. मी सांगायची इसरले!"

राहिली होती तीन धडं. आता रंगीत कापड नको, आणि खळीचं कोरं कापडही नको, कारण ते चरे पाडतं. धुऊन धुऊन मऊ झालेलं पांढरं सुती कापड पाहिजे. दुसऱ्या कुठल्या गल्लीत ते मागायला गेले असते तर मिळालं नसतं. बायकांच्या अंगावर पांढरं कोण घालतं? पण आमची वस्ती बौद्धांची. छप्पन सालापासून वंदनेला, जयंतीला, लग्नाला पांढरंच. प्रत्येक घरात एक तरी विरलेलं पांढरं लुगडं गाठोड्यात होतं. मागायला जायची माझी छाती नव्हती. गयाबाईला अपराध्यासारखं वाटत होतं, म्हणून तीच घरोघर गेली. "विमलच्या चाकाला द्या गं, पांढरं द्या," असं ओरडत गेली ती दुपारपर्यंत गाठोडं घेऊन आली.

त्या लुगड्यांची दोन चाकं झाली. तिन्ही धडं पाण्यासारखी चमकली. तरी उन्हात तिरकी धरली की केसासारखे बारीक चरे दिसायचे. बघणाऱ्याला दिसले नसते. पण शेठजींची नजर सोन्या-चांदीच्या घरातली, त्यांना दिसले असते. मी टाके उसवून लांब घातले, तरी चरे राहिलेच. याहून मऊ कापड पाहिजे होतं आणि ते वस्तीत नव्हतं.

आत्याबाई दोन दिवस माझी खटपट बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्यांची पत्र्याची पेटी उघडली आणि एक लुगडं माझ्या पुढ्यात टाकलं. मला ते ओळखू आलं. दीक्षेला जाताना त्यांनी ते घेतलं होतं. त्यानंतर प्रत्येक वंदनेला तेच नेसायच्या, घरी येऊन स्वतः धुवायच्या, कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. पुढं ते फार विरलं तेव्हा घडी करून पेटीत गेलं होतं. हातात घेतलं तर सायीसारखं लागलं.

"आत्याबाई, हे न्हाई," मी म्हटलं.

"का? पेटीत ठिवून त्याला पिल्लं होणार हायेत का?"

"दुसरं बघू कुठंतरी."

"दुसरं असतं तर तू असं तोंड करून बसली असतीस का? आगं, ते नेसून मी ताठ मानंनं चालले. आता त्यानं तुझं काम चालू दे."

मी कात्री घेतली नाही. तेव्हा त्यांनी काठ दातात धरला आणि टर्रकन फाडला. मला आजही तो आवाज आठवतो. बाकीचं मग मी कापलं. काठ तेवढा त्यांनी परत घडी करून पेटीत ठेवला.

त्या चाकाला मी फक्त मधोमध टाके घातले, कड मोकळी सोडली. फिरायला लागलं की ते फुलायचं. तिन्ही गिटारी त्यावर शेवटचा हात देऊन घेतल्या. एकदा नजर हलली आणि कड उलटी लागली. धडाची धार चाकाच्या येणाऱ्या अंगाला धरली की चाक ती हातातून हिसकावतं. धड उडालं, पण मी पोटावर झेललं. आठवडाभर पोट काळंनिळं होतं, धडावर मात्र ओरखडा नाही. तेव्हापासून माझा नियम झाला, धार नेहमी चाकाच्या जाणाऱ्या अंगाला.

चारी धडं घेऊन ह्यांच्याबरोबर मीही पॅसेंजरमध्ये बसले, कारण एकट्यानं इतकी सांभाळणं शक्य नव्हतं. गोधडीतलं एक मी मांडीवर धरलं होतं. समोरची बाई बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "बाळ लई शांत हाय तुझं." मी गोधडीचं टोक उघडून दाखवलं. तिनं त्यात स्वतःचं तोंड बघितलं, कुंकू नीट केलं आणि म्हणाली, "आगं बाई!" मला तेव्हाच कळलं की काम झालं.

दुकानात मी पेट्यांच्या मांडणीमागं उभी राहिले. शेठजींनी पहिलं धड उचललं, दारात उजेडाला नेलं, तिरकं केलं, सरळ केलं. मग त्यांनी ते एका हातानं समोर धरलं आणि दुसऱ्या हातानं डोक्यावरची टोपी नीट बसवली. तेवढ्यानं माझे पाय हलके झाले.

"दामू, कोणत्या मशीनवर केलं?"

"घरीच, शेठजी. आमच्या घरच्यांनी केलं."

"मुंबईला काय जरूरत नाही मग," शेठजी म्हणाले. "पेट्या बी तिकडंच, गिटारी बी तिकडंच. बिलकुल बराबर." मग त्यांना गुलाबी धड दिसलं. "आणि हे काय, हिला लाज कशाची आली?"

ह्यांनी खरं ते सांगितलं. शेठजी पोट धरून हसले. म्हणाले, "हिला मी नाही विकू शकत, पण फेकवतही नाही." शेवटी आमच्याच वस्तीतल्या गुरुजींनी ती घेतली. ते शाळेत शिकवायचे आणि जयंतीच्या गायन पार्टीत वाजवायचे. मी ती परत घरी आणून मऊ चाकावर घेतली. गुलाबी गेली नाही, पण अशी झळकली की दुसरी कोणतीच तशी झळकली नाही.

पुढं कितीतरी वर्षं ते मशीन चाललं. तीर्थपुरीच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याला गिटारीत पाहून भांग पाडायची इतकी सवय लागली की तो कंगवा तारांत अडकवून ठेवायचा. दुसरा एकजण गिटारीची पाठ करू नका म्हणायचा, कारण ती कोणाला दिसत नाही. मी त्याची पाठ आधी केली. पाठ वाजवणाऱ्याच्या पोटाला लागून असते, तिला तोच एकटा ओळखतो. बाजारात त्या चमकेला "दामूचं पॉलिश" असं नाव पडलं. हे प्रत्येकाला सांगायचे, "माझं न्हाई, घरच्यांचं." लोकांना वाटायचं, हा विनोद करतो. मला वाईट वाटायचं, पण दुकानात मांडणीमागून बाहेर येऊन सांगणं मला कधी जमलं नाही. तेवढं एक राहून गेलं.

एकदाच मात्र बोलले, ते सांगून थांबते.

ती गिटार गुलाबी झाली त्याच वर्षीच्या जयंतीला वस्तीत मांडव पडला. आम्ही सगळ्या बायका पांढऱ्या लुगड्यांत पुढं बसलो होतो. गुरुजी ती गुलाबी गिटार घेऊन उभे राहिले आणि गॅसबत्तीचा उजेड तिच्यावर पडला. त्यांनी जरा वळताच तो उजेड सगळ्या मांडवावरून फिरला. माणसं आ करून बघायला लागली. मागून कोणीतरी विचारलं, "मुंबईची हाय का?"

"काय मुंबईची!" गयाबाई उठून उभीच राहिली. "ती लाली माझ्या लुगड्याची हाय!"

"आन् पहिलं पांढरं चाक माझ्या लुगड्याचं," दुसरी म्हणाली.

"माझंबी हाय त्यात!" तिसरी म्हणाली. सगळीकडून आवाज यायला लागले. गुरुजी वाजवायचं थांबून हसत उभे राहिले.

आत्याबाई बसल्या जागेवरून, काठी आपटून, सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणाल्या, "गप बसा गं! ती चमक माझ्या लुगड्याची हाय!"

मांडव शांत झाला. आणि त्या शांततेत, माझं मलाही कळायच्या आत, माझा आवाज घशातून बाहेर आला.

"आन् हात माझा."

आत्याबाईंनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मग मागं वळून सगळ्या मांडवाला म्हणाल्या, "ऐकलं का? मुकी न्हाई माझी सून."